अकरावा सोमवार आणि चोविसावी पुडी

१. अर्धा दाणा

सोमवारी सकाळी साडेदहाला दुर्गेश्वरीकाकू बिसेन दुकानात शिरल्या आणि त्यांनी काउंटरवर पिठाची चाळणी ठेवली. चाळणीत तांदळाचा अर्धा दाणा होता.

अर्धाच. पण तो पाहून दीप्ती लंजेने हातातलं माप खाली ठेवलं. दुकानात मुडदा सापडला असता तर निदान पोलिसांना तरी बोलावता आलं असतं. उपासाच्या पिठात तांदूळ सापडला तर बोलवायचं कोणाला?

फुलचूरच्या रस्त्यावरचं दीप्तीचं दुकान तसं इवलंसंच, पण नाव मोठं. जवसाची चटणी, कोहळ्याच्या वड्या, मोहफुलांचे लाडू, कोवळ्या बांबूचं लोणचं, चारोळी, जंगलातला मध, वासाचा चिन्नोर तांदूळ. नागपूरकडचे आणि रायपूरकडचे लोक वाट वाकडी करून यायचे, दोन चटण्या चाखायचे आणि सहा पिशव्या घेऊन जायचे. या सगळ्यात राजा म्हणजे नवेगाव बांधच्या तळ्यातल्या शिंगाड्यांचं पीठ. शिवरात्र आली की त्याच्यावर उड्या पडायच्या, आणि शिवरात्र येत्या रविवारवर आली होती.

"ये देखो!" दुर्गेश्वरीकाकू कडाडल्या. "सिंगाड्याच्या पिठात चावल! सकाळी चार पुऱ्या खाल्ल्या मी. आता दुपारच्या शिऱ्यासाठी पीठ चाळते तर हा निघाला. सोळा सोमवारांपैकी अकरावा होता हो माझा! अब क्या, फिर से पहला?"

हे सोळा सोमवार मुलीचं लग्न जमावं म्हणून धरले होते. मुलगी रुची बंगळुरात नोकरी करत मजेत होती आणि तिला या व्रताची गंधवार्ताही नव्हती. पण तो वेगळा विषय.

"काकू, तुमच्या घरचा तर नसेल?" दीप्तीने चाचरत विचारलं.

"माझ्या घरचा? सोमवारी माझ्या ओट्यावर तांदूळ दिसला तर मी नवऱ्याला घराबाहेर काढीन!" काकूंनी पिठाची उरलेली पुडी चाळणीशेजारी आदळली. "चार वाजता आमच्या भजनमंडळाची बैठक आहे. शिवरात्रीच्या फराळाचं पीठ तुझ्याकडून घ्यायचं ठरलंय. चारच्या आत मला सांग, हा तांदूळ कुठून आला. नाही तर मी बैठकीत सांगीन. आणि माझं सांगणं फुलचूरमध्ये थांबत नाही, गोंदियाभर फिरते."

यात काडीची अतिशयोक्ती नव्हती.

२. फोन

दीप्तीचा संशय एका क्षणात नवेगाव बांधला जाऊन पोचला.

शिंगाडे द्यायचे सुकराम दिघोरे. पिढ्यानपिढ्या तळ्यावर जगणारं ढिवराचं घर. छातीएवढ्या पाण्यात उतरून वेली उलटायच्या, काटे बोटांत घुसवून घेत शिंगाडे तोडायचे, मग उकडून, सोलून, वाळवून त्यांचे दगडासारखे कडक गोटे करायचे. पूर्वी व्यापारी येऊन ओलाच माल मातीमोलाने उचलायचे. दीप्तीने पहिल्यांदा वाळलेला माल घेतला आणि दुकानात पाटी लावली: 'सुकराम दिघोरे यांचे शिंगाडे, नवेगाव बांध'. ती पाटी पाहायला सुकरामकाका बायकोला घेऊन एसटीने आले होते. बराच वेळ पाटीपुढे उभे राहून परत गेले होते.

मागच्या वर्षीपर्यंत पीठही तेच गावातून दळून आणायचे. ते जाडंभरडं यायचं, म्हणून यंदा दीप्तीने गोटेच मागवले आणि फुलचूरच्या चक्कीवर दळले. मात्र काकांना बजावून सांगितलं होतं, तांदळाचं जुनं पोतं वापरायचं नाही.

तिने फोन लावला. आता इथे गडबड अशी झाली, की काकूंचा सगळा संताप तिच्या तोंडात तसाच शिल्लक होता.

"काका, तुम्ही तांदळाचं पोतं वापरलंत ना? तुमच्यामुळे माझं दुकान बुडायची वेळ आलीय. मागे ठेवलेली दोन पोती उचला. मला तुमचा माल नको."



"बरं," सुकरामकाका म्हणाले. "येतो मी. घेऊन जातो."

त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. दीप्तीला कसंसंच वाटलं, पण राग अजून उतरला नव्हता. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि पाटीच्या खिळ्याला हात घातला.

"पाटी काऊन काढून राहिलीस?" मागच्या खोलीच्या दारातून आवाज आला. "फाशी आधी अन् चौकशी मंग, असा कायदा आला काय?"

३. दाणा खोटं बोलत नाही

दारात शामकलाबाई गजभिये उभ्या होत्या, हातात सुपडा. तीस वर्षं गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये त्यांनी तांदूळ पाखडला होता. आता आठवड्यातून तीन दिवस इथे येऊन जवस, डाळ, चारोळी निवडायच्या आणि पुड्या भरणाऱ्या पुष्पांजलीला टोमणे मारायच्या. घर बौद्ध. उपासतापासाशी देणंघेणं नाही. पण तांदळाचा दाणा पाहिला की त्या त्याची कुंडली मांडायच्या.

"उतर खाली. दाखव थो दाणा."

दीप्ती स्टुलावरून उतरली. शामकलाबाईंनी अर्धा दाणा तळहातावर घेतला, उजेडात धरला, नखाने दाबला, नाकाशी नेला.

"मिलमध्ये माणसं बहुत खोटं बोलत. दाणा नाही बोलत," त्या म्हणाल्या. "तांदळाच्या पोत्याले जे चिपकून येते, थे राशनचा, कंट्रोलचा जाडा तांदूळ राहते. हा बारीक आहे. उकडलेला उसनाही नाही, कच्चा अरवा आहे. अन् वास पाह्य. चिन्नोर आहे हा."

"नक्की?"

"तीस वर्षं काय माश्या मारल्या काय?"

दीप्तीने मान वळवली. चिन्नोर तांदळाच्या पिशव्या तिच्याच दुकानात, तिच्याच फळीवर मांडलेल्या होत्या. आणि त्या भरायच्या पुष्पांजलीनेच, शिंगाड्याच्या पिठासारख्याच. पुष्पांजली कोपऱ्यात उभी होती. तिच्या तोंडावर लिंबासारखा पिवळेपणा चढला होता.

"ताई, मी काई नाही केलो," ती रडवेली होऊन म्हणाली.

"कोणी म्हणलं तूनं केलं?" शामकलाबाईंनी तिला बसवलं. "दुर्गेश्वरीबाईले कोणती पुडी देलीस?"

दीप्तीच्या दुकानात प्रत्येक पुडीवर ती भरल्याचा आकडा लिहायची पद्धत होती. काकूंच्या पुडीवर २४ लिहिलं होतं.

"शेवटची," पुष्पांजली हुंदका गिळत म्हणाली. "शुक्रवारी भरल्या. चोविसावीत पीठ कमी पडून राहिलं होतं, म्हणून पिठाचं पोतं उलटं करून झटकलो. तळाचं सारं त्याच पुडीत गेलं. मले वाटलं, वाया कायले घालवा? पण चिन्नोरचं पोतं तर शुक्रवारी दुकानात नव्हतंच! थे शनिवारी आलं."

दीप्तीने डोकं खाजवलं. खरंच, चिन्नोर शनिवारी दुपारी आला होता. पुष्पांजली सुटली.

शामकलाबाईंनी फळीवर उरलेल्या पुड्या मागवल्या. तिसरी, सातवी, पंधरावी, तेविसावी. एकेक चाळली. पीठ स्वच्छ, एक कण नाही. मग काकूंची चोविसावी पुडी चाळणीत ओतली. चाळणीत आणखी पाच अर्धे दाणे राहिले.

"आता मले सांग," शामकलाबाई दीप्तीला म्हणाल्या, "सुकरामच्या पोत्यात तांदूळ असता तर चोवीसही पुड्यांत दिसला असता का नाही? फक्त शेवटच्या पुडीतच काऊन?"

"शेवटी काहीतरी पडलं असेल."

"मास्तरीण झाली असतीस तर पोट्टे नापास केले असतेस. पिठाच्या पोत्यातून वरचं आधी निघते का खालचं?"

"वरचं."

"मंग चोविसावी पुडी कुठची?"

"तळाची," दीप्ती म्हणाली, आणि तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हणजे चक्कीतून सगळ्यात आधी पोत्यात पडलेलं पीठ! शेवटची पुडी म्हणजे पहिलं पीठ!"

"तांदूळ चक्कीवर घुसला," शामकलाबाईंनी सुपडा भिंतीला टेकवला, पाच दाण्यांची कागदात पुडी बांधली आणि चपला शोधायला लागल्या. "काढ तुही गाडी."

४. चुना

योगराज कापगतेची चक्की दोन गल्ल्या सोडून होती, पण शिवरात्रीच्या गिऱ्हाइकांतून निघता निघता दीड वाजला. दारात त्याची म्हातारी आई शांतीबाई ऊन खात बसली होती. तिच्या पायांशी पाच-सहा चिमण्या उंबऱ्याच्या फटीतलं काहीबाही टिपत होत्या आणि ती त्यांच्याशी सुनेच्या तक्रारी करत होती.

तांदळाचं नाव काढताच योगराज उसळला. "मॅडम, सवालच पैदा होत नाही! तुमचीच शर्त होती ना, धुतलेल्या चक्कीवर सकाळी पहिला माल तुमचा? गुरुवारी सांजेले चक्की खोलली, दगडी पाट काढले, ब्रश मारला, कपड्यानं पुसली. शेजारच्या दोन बाया पाहून राहिल्या होत्या, त्यायले विचारा. शुक्रवारी उठलो, चालू केली, तुमचे सिंगाडे टाकले. बीचमें कोई नहीं."

"पहिलं पीठ जाडं पडते का बारीक?" शामकलाबाईंनी विचारलं.

"पाट आधी ढिले राहतात ना. मूठ-दोन मूठ भरडच पडते. मंग मी कसतो."

"म्हणून दाणा अर्धा राहिला," शामकलाबाई स्वतःशी बोलल्या. "अन् चक्कीले दुसरं कोण हात लावते?"

"कोणीच नाही. चक्की माझी आहे."

दीप्तीने घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. योगराज खोटं बोलत असल्यासारखा वाटत नव्हता. चक्की अगदी लख्ख होती. पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं तेवढी उमटलेली. मग धुतलेल्या चक्कीत, पहिल्या मालाच्याही आधी, तांदूळ काय आकाशातून पडला?

शामकलाबाई दाराबाहेर गेल्या, कमरेची डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली आणि अंगठ्याने चुना लावून मळायला लागल्या.

"मावशी! सोडणार होतात ना?"

"तुह्या दुकानात नाही खाणार म्हणलो होतो. हे तुहं दुकान आहे काय?" तंबाखू गालात गेली. "बिना तंबाखूचं माहं डोकं चालत नाही."

त्यांनी कागदाची पुडी सोडली आणि एक दाणा चिमटीत धरून उन्हात पाहायला लागल्या. अंगठ्याला चुना तसाच होता. त्या थबकल्या. मग डोळे बारीक केले.

"दीप्ती, इकडे ये. लवकर."

दीप्ती धावली. शामकलाबाईंच्या चिमटीतला तांदळाचा दाणा लाल झाला होता.

५. पहिली मूठ

"चुना लागला की लाल काय होते?" शामकलाबाईंनी विचारलं.

हा प्रश्न मराठी घरात वाढलेल्या कोणालाही विचारावा. "हळद," दीप्ती म्हणाली.

"बरोबर. म्हणजे हा हळद लावलेला तांदूळ आहे, पिठानं माखून पांढरा दिसला. आता पाह्य. भेसळ करणारा हळद कायले लावीन? अन् तेही महागाचा चिन्नोर घेऊन? पोत्याले चिपकलेल्या दाण्याले हळद कुठून येईन? आधीच्या दळणातला असता तरी हळदीचा नसता. चिन्नोर घ्यायचा, त्याले हळद लावायची, हे काम चोर नाही करत." त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. "हे काम भक्त करते."

त्या वाकल्या. चिमण्या भुर्रकन उडाल्या. उंबऱ्याच्या फटीतून त्यांनी एक पिवळा दाणा उचलला आणि चुन्याच्या अंगठ्याने चोळला. तोही लाल.

"आजी," त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "हे पिवळे तांदूळ कायचे वं?"

"हे होय?" शांतीबाईचा चेहरा खुलला. "पूजेचे! रोज सकाळी हळदकुंकू लावतो, उंबऱ्यावर चार दाणे टाकतो अन् पहिली मूठ चक्कीच्या तोंडात देतो. उपाशी चक्की चालू करू नाही बाई. माही सासू जात्याले देत होती, मी चक्कीले देतो."

योगराजने कपाळावर हात मारला. "माय! मी मागे मोटर चालू करायले जातो, तवा?"

"तवाच."

"अन् शुक्रवारीही?"

"शुक्रवारी तर दोन मुठी देलो!" शांतीबाई अभिमानाने म्हणाली. "तूच म्हणलास ना, उपासाचा माल आहे, एकदम शुद्ध पायजे. म्हणून घरचा जाडा तांदूळ नाही घेतलो. चिन्नोर घेतलो."

दीप्तीला हसू फुटलं, ते आवरेना. योगराज पोट धरून हसायला लागला. रोज सकाळी पहिला माल गव्हाचा नाहीतर तांदळाचा असायचा. त्यात मूठभर तांदूळ गेला तर कोणाच्या बापाला कळणार होतं? दीप्तीने शुद्धतेसाठी सकाळचा पहिला नंबर मागितला आणि नेमका तोच नंबर देवाच्या मुठीचा होता.

शांतीबाईला मात्र हळूहळू उमगलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे बिसेनीणबाईचा सोमवार माह्यानं मोडला काय वं? आता कोणत्या तोंडानं भेटू तिले?"

"चाला आमच्यासंग," शामकलाबाई म्हणाल्या. "तोंडाचं पाहू मंग."

पण दीप्तीचं हसू एव्हाना मावळलं होतं. तिला सकाळचा फोन आठवला. सुकरामकाकांचं ते एका शब्दाचं 'बरं' आठवलं.

६. दोन पोती

योगराजच्या हातातलं दळण संपल्यावर चौघं दोन गाड्यांवर बसून पावणेचारला दुकानी पोचले. दारात एक ऑटो उभा होता. त्यात शिंगाड्यांची दोन्ही पोती चढलेली होती आणि सुकरामकाका दोरी आवळत होते. पायरीवर दुर्गेश्वरीकाकू हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"सांग," काकू म्हणाल्या. "पंधरा मिनिटं आहेत."

शामकलाबाईंनी सगळं सांगितलं: चोविसावी पुडी, पोत्याचा तळ, ढिले पाट, हळद, चुना. सांगताना तंबाखूचा भाग जरा लांबवला. शेवटी शांतीबाई पुढे झाली आणि हात जोडायला लागली, तेव्हा शामकलाबाईंनी तिचे हात धरून खाली केले.

"थांबा जरा. दुर्गेश्वरीबाई, मले तुमच्यातलं काई कळत नाही, म्हणून इचारतो. देवाच्या नावानं वाहिलेला दाणा, त्याले तुम्ही काय म्हणता?"

"प्रसाद," काकू म्हणाल्या.

"परसादानं उपास मोडते काय?"

काकूंनी हाताची घडी सोडली. फुलचूरमध्ये हे दृश्य कोणी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"प्रसादाला तर नाही म्हणता येत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "उलट नाही म्हटलं तर पाप." मग त्यांच्या चेहऱ्यावर पौर्णिमा उगवली. "म्हणजे अकरावा झाला?"

"झाला वं बाई!" शांतीबाई म्हणाली. "दोन मुठींचा झाला."

"भगवान तेरी लीला! बैठकीत सांगते सगळ्यांना. पीठ इथूनच येणार."

सगळे हसले. सुकरामकाका हसले नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोरीची गाठ मारून ते ऑटोत बसायला निघाले.

"काका," दीप्ती आडवी आली. "माझं चुकलं. तुमचा काही दोष नव्हता."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "नवं पोतं घेतलो होतो. तू म्हणलीस म्हणून."

"मग फोनवर सांगितलं का नाही?"

"तूनं इचारलंच कुठं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच दीप्तीला जास्त लागलं. "काका, तांदूळ कसा आला, इतकं इचारली असतीस तर मीही तुह्यासंग शोधलो असतो. व्यापारी बी न इचारताच माल फेकत होते. तू तशी नाहीस, असं गावात सांगत होतो मी सगळ्यायले."

दीप्तीला रडू आलं. खरं होतं ते. अर्ध्या दाण्यावरून तिने दहा वर्षं माल देणाऱ्या माणसाला चोर ठरवलं होतं, आणि तेसुद्धा एका फोनवर.

"चुकलं, काका," ती पुन्हा म्हणाली. "पोती नेऊ नका."

सुकरामकाकांनी तिच्याकडे पाहिलं, मग पोत्यांकडे. त्यांनी दोरीची गाठ सोडली आणि दोन पावलं मागे सरकले.

"मी चढवलो," ते म्हणाले. "तू उतरव."

दीप्तीने डोळे पुसले, ओढणी कमरेला बांधली आणि पोत्याला मिठी मारली. पोतं तसूभरही हललं नाही. ऑटोवाला मदतीला पुढे झाला तर काकांनी त्याला हातानेच थांबवलं. तिने पुन्हा जोर केला. पोतं कलंडलं, तिच्या अंगावर आलं, आणि ती त्याच्यासकट खाली बसणार तेवढ्यात दुसरं टोक कोणीतरी गच्च धरलं.

"हट, कसं धरतात ते माहीत नाही!" दुर्गेश्वरीकाकू गरजल्या.

"काकू, तुमचा उपास आहे."

"आहे ना! पण प्रसाद खाल्लाय मी. चल, उचल!"

धापा टाकत, शिंगाड्यांचा खडखडाट करत दोघींनी पहिलं पोतं आत नेऊन टेकवलं. दोघींची तोंडं लाल झाली होती. शामकलाबाई पायरीवर बसून, उजवीकडे घ्या, डावीकडे घ्या, असे हुकूम सोडत होत्या.

दुसऱ्या पोत्याला दोघी परत आल्या. दीप्तीने वाकून हात घातले आणि जोर लावला. पोतं या वेळी बरंच हलकं उठलं. खालून तिसरा हात लागला होता, काट्यांच्या जुन्या खुणांनी भरलेला. दीप्तीने वर पाहिलं नाही, आणि तिघं मिळून पोतं आत घेऊन गेले.